गोष्टीतल्या मुलानं बरं का व्हायला हवं?

आपल्या लहानपणीच्या गोष्टींत आंधळा असायचा, पांगळा असायचा. एकाच्या खांद्यावर दुसरा बसला, दोघांनी मिळून वाट काढली, संपली गोष्ट. त्यांना ना नाव, ना आई. पेडणे-डिचोलीकडे खऱ्या मुलाचंही तेच व्हायचं. कुड्डो, मोनो, थोंटो ही हाकच त्याचं नाव होऊन बसे.

१९६१ ला गोवा मुक्त झाला आणि पुढे भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. केवढं मोठं काम ते! पण पावसात साकव ओलांडून, शेताच्या बांधावरून शाळा गाठायची ती धडधाकट पायांनीच. ज्याला जमत नसे ते मूल माजघरात राही. पाहुणे आले की आणखी आत. बहिणीचं लग्न जमायचं असे ना! बायकांना हे वेगळं सांगायला नको.

बाहेरच्या गोष्टी तरी कुठे पुढे होत्या? योहाना स्पायरीची 'हायडी' १८८०-८१ मधली. तिच्यातली क्लारा चाकाच्या खुर्चीत असते, डोंगरावर जाते आणि शेवटी चालू लागते. १९११ च्या 'सीक्रेट गार्डन'मधला कॉलिनही उभा राहतो. वाचताना डोळे भरतात, खरंय. पण जे मूल कधीच चालणार नाही, त्यानं यातून काय घ्यायचं? बरा झालास तरच आमचा, एवढंच ना?

आपल्याकडे ही चाकोरी मोडलेली मी पाहिली ती 'श्वास'मध्ये. माधवी घारपुरे यांची कथा, २००४ चा चित्रपट. पोरगा कोकणातला, म्हणजे तेरेखोल नदीपलीकडचा आपला शेजारीच. डोळ्यांचा कर्करोग. आजोबा ऑपरेशनआधी त्याला जग दाखवून घेतात. चमत्कार होत नाही. मुलगा दृष्टी गमावूनच घरी येतो, आणि घर त्याचंच असतं.

पुढे २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, २०२३ च्या जानेवारीत पणजीला पर्पल फेस्ट भरला. चांगलंच झालं. पण कायदा काही कोणी मुलाला मांडीवर घेऊन वाचून दाखवत नाही.

त्यासाठी 'तोत्तोचान' घ्या. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या लहानपणच्या शाळेवर लिहिलेलं हे जपानी पुस्तक १९८१ चं, मराठीतही आलेलं. तिथे ताकाहाशी नावाचा मुलगा आहे. हातपाय आखूड, उंची वाढायची नाही. कोबायाशी गुरुजी त्याला काही उपदेश करत नाहीत. ते खेळच असे योजतात की आखूड अंगाचा मुलगा सरस ठरावा. सगळ्या शर्यती ताकाहाशी जिंकतो! बक्षीस काय, तर मुळा, पालक अशा भाज्या. मुलं जरा हिरमुसतात. गुरुजी म्हणतात, घरी न्या, आईला रांधायला सांगा, आज घरच्यांना तुमच्या कमाईचं जेवू द्या.