येवल्याची घोषणा आणि श्रद्धेच्या प्रामाण्याचा प्रश्न

दिनांक १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे भरलेल्या दलितवर्गीय परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतराची घोषणा केली. अस्पृश्य हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून मरण न येऊ देणे आपल्या हाती आहे, असा तिचा आशय होता. १९३० पासून चाललेला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह यापुढे चालवू नये, असेही या परिषदेत ठरले. या घटनेचा सामाजिक व राजकीय अंगाने पुष्कळ अभ्यास झाला आहे. तिच्यात गर्भित असलेल्या ज्ञानमीमांसेच्या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नापुरताच विचार करावयाचा आहे.

प्रश्न असा. कोणी पुरुष सांगतो की मला ईश्वराने पाठविले, किंवा ईश्वर माझ्याशी बोलला, किंवा मीच ईश्वर आहे. लक्षावधी लोक त्यावर श्रद्धा ठेवतात, त्या श्रद्धेसाठी जगतात, प्रसंगी प्राणही देतात. ही श्रद्धा त्या पुरुषाच्या दाव्याचा पुरावा ठरते काय? येथे दोन गोष्टींची सरमिसळ नेहमी होते. श्रद्धा हा श्रद्धावानाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे, यात वाद नाही. परंतु साक्षीदाराची खात्री आणि साक्षीतील वस्तुस्थिती या निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे न्यायालयात बसणारा कोणीही जाणतो. आणि येवल्याच्या व्यासपीठावरील वक्ता बॅरिस्टर होता. शिवाय श्रद्धेलाच प्रमाण मानले तर परस्परविरोधी दावे एकाच वेळी सिद्ध होतात, कारण त्या प्रत्येकाच्या मागे तितकीच उत्कट श्रद्धा उभी असते.

हा प्रश्न पाश्चात्त्य बुद्धिवादाबरोबर आपल्याकडे आला, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले, पण कोणाच्याही शब्दाला नव्हे, तर आप्ताच्या शब्दाला. वात्स्यायनाच्या मते आप्त म्हणजे विषयाचा साक्षात अनुभव घेतलेला आणि तो जसाच्या तसा सांगण्याच्या इच्छेने बोलणारा पुरुष. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते, असेही त्याने स्पष्ट सांगितले आहे. येथे बोलणाऱ्याची जात किंवा त्याच्याभोवतीचा भक्तसमुदाय यांना काही स्थान नाही. वेदाचे प्रामाण्य सांगतानाही नैयायिकांनी मंत्र आणि आयुर्वेद यांचे उदाहरण घेतले: ज्याचे बोल पडताळून पाहता येणाऱ्या बाबतीत खरे ठरतात, त्याचे न पडताळता येणारे बोलही विश्वसनीय मानावेत. हा युक्तिवाद कितपत टिकतो, हा वेगळा प्रश्न आहे. परंतु श्रद्धेला आधार लागतो, ती स्वतः आधार होत नाही, हे त्यात मान्य केलेले आहे.

मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानून वक्त्याचा प्रश्नच निकालात काढला आणि मग बौद्धांना अडचणीत पकडले. कुमारिलाचा म्हणून शांतरक्षिताने तत्त्वसंग्रहात नोंदविलेला आक्षेप मार्मिक आहे. बुद्धाचे अनुयायी बुद्धाला सर्वज्ञ म्हणतात, कपिलाचे अनुयायी कपिलाला. दोघांची मते तर जुळत नाहीत. मग निवड कशाच्या बळावर करावयाची? शिवाय एखादा सर्वज्ञ आहे हे ओळखण्यासाठी ओळखणाराही सर्वज्ञच असावयास हवा. धर्मकीर्तीने या आक्षेपाची वाट बंद केली ती प्रमाणवार्तिकात. जगातील किड्यांची संख्या ज्ञात असणाऱ्या गुरूशी आपल्याला काय कर्तव्य, असे विचारून त्याने कसोटीच बदलली. काय टाकावे आणि काय घ्यावे, हे उपायासह जाणणारा तो प्रमाणभूत, आणि त्याचे हे ज्ञान तपासता येते. दिङ्नागाच्या परंपरेत प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे असल्याने हे ओघानेच आले. आजच्या धर्मचिकित्सेत हा वाद जवळजवळ विस्मृत झाला आहे, ही आपल्या अध्यापनाचीच उणीव म्हणावी लागेल.

महाराष्ट्रात हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात नव्या वेषात पुन्हा उभा राहिला. १८३१ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. दांडेकरांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिली आणि विल्सनने पुढील वर्षी तिला उत्तर दिले. अशा वादांत चमत्काराचा पुरावा दुधारी असतो. एका बाजूने आपल्या प्रेषिताचे चमत्कार पुढे करावेत, तर दुसरी बाजू पुराणांतील त्याहून भव्य चमत्कार दाखविणार. दोन्हीकडे साक्षी त्या त्या ग्रंथाच्या आणि ग्रंथाला आधार त्या त्या समाजाच्या श्रद्धेचा. त्यामुळे वाद लवकरच देवांच्या आणि प्रेषितांच्या चारित्र्याकडे वळतो, तो साहजिकच होय.

याहून उद्बोधक उदाहरण विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे आहे, आणि ते येवल्यापासून दूरचेही नाही. मूळचे कोकणातील हे गृहस्थ तरुणपणी नोकरी सोडून नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगीच्या डोंगरावर तपश्चर्येस गेले आणि तेथे आपल्याला साक्षात्कार झाला, असे त्यांनी स्वतःच सांगितले. पुढे १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी मिशनऱ्यांशी वाद केले. त्यांपैकी जॉर्ज बोवेन यांनी या वादांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ख्रिस्ताच्या दाव्याला पुरावा मागणारा हा वादपटू स्वतःच्या साक्षात्काराला कोणता पुरावा देत होता? प्रतिपक्षाला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार होता. विष्णुबुवांचे मोठेपण यात की त्यांनी आपला पक्ष साक्षात्कारावर न ठेवता युक्तिवादावर ठेवला. साक्षात्कार ही त्यांची खासगी प्रेरणा राहिली. तिकडे बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपला १८५४ च्या बाप्तिस्म्यापर्यंतचा प्रवास वाचन, शंका आणि वाद यांच्या क्रमानेच सांगितला आहे. धर्म सोडणारा आणि धर्म राखणारा, दोघेही आपल्या श्रद्धेला कारणे देणे आवश्यक समजत होते.

महात्मा फुले यांनी याही पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त कोणत्याही एका धर्मग्रंथात संपूर्ण सत्य नाही, प्रत्येकात काही ना काही आहे, अशी भूमिका आहे, आणि एकाच कुटुंबात निरनिराळे धर्म मानणारी माणसे प्रेमाने नांदावीत, असे चित्रही. अशा घरात कोणाचीही श्रद्धा दुसऱ्यासाठी पुरावा होऊ शकत नाही.

येवल्याची घोषणा या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिचे वेगळेपण ध्यानात येते. परिषदेत बाबासाहेबांनी कोणत्याही नव्या धर्माचे नाव घेतले नाही. घोषणेनंतर मात्र निमंत्रणे आली. इस्लामच्या वतीने के. एल. गौबा, ख्रिस्ती समाजाच्या वतीने मुंबईचे मेथॉडिस्ट बिशप बॅडले, सुवर्णमंदिर व्यवस्थापक समितीचे उपाध्यक्ष, महाबोधी संस्था, अशा अनेकांनी आपापल्या धर्माची दारे उघडी असल्याचे कळविले. या निमंत्रणांत भर प्रामुख्याने समान दर्जाच्या आश्वासनावर होता. आमच्या संस्थापकाचा दावा खरा आहे म्हणून या, असे न म्हणता आमच्याकडे तुम्हाला माणूस म्हणून वागविले जाईल म्हणून या, असे सांगावे लागले. घोषणेने प्रश्नच बदलून टाकला होता. पुरावा आता धर्मानेच सादर करावयाचा होता, आणि तोही पाणवठ्यावर व मंदिराच्या दारात तपासता येईल असा.

गांधीजींची प्रतिक्रिया नेमकी याच्या उलट दिशेची होती. धर्म हा घरासारखा किंवा अंगरख्यासारखा बदलण्याची वस्तू नव्हे, तो देहापेक्षाही माणसाच्या स्वत्वाचा अधिक निकटचा भाग आहे, असा त्यांचा आशय होता. यात सत्य नाही असे नाही. श्रद्धा माणसाच्या व्यक्तित्वाशी एकजीव होते, म्हणूनच ती तोडताना वेदना होते. परंतु जी गोष्ट माझ्या स्वत्वाचा भाग आहे ती त्याच कारणाने सत्य ठरत नाही. वारशाने आलेली श्रद्धा तर याहूनही दुबळा पुरावा होय. तसे पाहता पंढरीचा वारकरी आणि मक्केचा यात्रेकरू यांची जन्मघरे अदलाबदल झाली असती तर श्रद्धांचीही झाली असती. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईला भरलेल्या महार परिषदेतील ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात वाडवडिलांचा धर्म सोडू नये या युक्तिवादाचा बाबासाहेबांनी परखड समाचार घेतला. त्याच भाषणाचा शेवट त्यांनी बुद्धाने आनंदाला केलेल्या अखेरच्या उपदेशाच्या आठवणीने केला: दुसऱ्याच्या आश्रयास न जाता स्वतःच स्वतःचा दीप व्हावे. धर्मांतराला वीस वर्षे अवकाश असताना आलेला हा उल्लेख केवळ अलंकारिक नसावा.

१९५० साली महाबोधी संस्थेच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी बुद्ध, येशू, महंमद पैगंबर आणि कृष्ण यांची तुलना केली. येशूने स्वतःला देवपुत्र म्हटले, पैगंबरांनी ईश्वराचा अखेरचा प्रेषित म्हटले, कृष्णाने तर परमेश्वरच म्हटले. बुद्धाने मनुष्याखेरीज दुसरे काही असल्याचे सांगितले नाही. तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे. तुलना संक्षिप्त आहे आणि त्या त्या धर्मातील अभ्यासकांना ती अपुरी वाटेल, हे मान्य केले पाहिजे. ख्रिस्ती व इस्लामी परंपरांतही श्रद्धा आणि बुद्धी यांच्या संबंधाची दीर्घ चर्चा झालेली आहे. पण प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने तिचा रोख अचूक आहे. ज्या धर्मात संस्थापकाविषयीचा दावा मान्य करणे हीच प्रवेशाची अट असते, तेथे श्रद्धा आधी आणि तपासणी नंतर असा क्रम लागतो. संस्थापकाने स्वतःविषयी असा दावाच केला नसेल तर सिद्ध करावयाचे उरते ते त्याच्या उपदेशाचे मोल.

पाली वाङ्मयात याला आधार आहे. कालामसुत्ताचा उल्लेख सर्वत्र होतो. त्याहून मज्झिमनिकायातील चंकीसुत्त या विषयाला अधिक जवळचे आहे. तेथे कापटिक नावाचा तरुण ब्राह्मण वेदमंत्रांच्या सत्यतेविषयी विचारतो. बुद्धाचे उत्तर असे की श्रद्धा, आवड, परंपरा, तर्क आणि पटलेले मत या पाचही गोष्टींचा परिणाम दोन्ही प्रकारे होऊ शकतो; ज्यावर दृढ श्रद्धा आहे ते पोकळ निघू शकते आणि ज्यावर नाही ते खरे. म्हणून सत्याचे रक्षण करणाऱ्याने ‘ही माझी श्रद्धा आहे’ एवढेच म्हणावे. हेच तेवढे सत्य, असा निष्कर्ष त्यातून काढू नये. पुढे त्याच सुत्तात साधकाने गुरूचे वर्तन लोभ, द्वेष आणि मोह यांच्या दृष्टीने पारखून घ्यावे, मग श्रद्धा उपजते आणि त्यानंतर श्रवण, मनन व प्रयत्न यांची वाट सुरू होते, असे सांगितले आहे. श्रद्धेला येथे हद्दपार केलेले नाही. तिचे स्थान परीक्षणानंतर आणि अनुभवाआधी ठरवून दिले आहे.

आता एक अडचण टाळता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतलेल्या लक्षावधी स्त्रीपुरुषांपैकी किती जणांनी चंकीसुत्त वाचले होते? त्यांनी विश्वास ठेवला तो बाबासाहेबांवर. मग प्रेषितावरील श्रद्धेच्या जागी नेत्यावरील श्रद्धा आली, एवढेच घडले काय? हा आक्षेप घेणारे सगळेच द्वेषाने घेतात असे नाही, आणि त्याला उत्तर देणे अभ्यासकाचे काम आहे. नैयायिकांच्या कसोटीने पाहू. महाडच्या तळ्यापासून येवल्यापर्यंत आणि येवल्यापासून नागपूरपर्यंतच्या जवळजवळ तीन दशकांत या माणसाचे बोलणे आणि वागणे या समाजाने जवळून पडताळले होते. हा विश्वास पुराव्यानंतरचा होता. शिवाय त्याने त्यांना कोणत्याही अदृष्ट गोष्टीवर विश्वास ठेवावयास सांगितले नाही. बावीस प्रतिज्ञांपैकी कित्येक तर काय मानणार नाही हे सांगणाऱ्या आहेत. तथापि या विश्वासाची मर्यादाही सांगितली पाहिजे. नागरी हक्कांच्या बाबतीत खरा ठरलेला मार्गदर्शक बुद्धचरित्राच्या प्रत्येक तपशिलात खरा ठरेलच, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

बाबासाहेबांना ही मर्यादा ठाऊक होती, याचा पुरावा त्यांच्याच ग्रंथात आहे. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या मूळ इंग्रजी आवृत्तीच्या प्रास्ताविकात त्यांनी परंपरेलाच प्रश्न विचारले. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत सिद्धार्थाला वृद्ध, रुग्ण आणि मृत माणूस दिसलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, म्हणून त्यांनी गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात पाहिले. सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताच्या आधारे धर्मानंद कोसंबींनी आधीच या दिशेने विचार केला होता. येथे मला एक शंका नोंदवावीशी वाटते. एक कथा असंभाव्य आहे एवढ्यावरून दुसरी सिद्ध होत नाही. अत्तदंडसुत्तात संघर्षाने आलेला उद्वेग आहे, पण त्यात रोहिणीचे नाव नाही. ही शंका घेणे म्हणजे ग्रंथकाराचा अनादर नव्हे. बुद्धवचन म्हणून जे सांगितले जाते त्यातील बुद्धिसंगत तेवढेच, इतर बाबी समान असता, बुद्धाचे मानावे, ही कसोटी त्यांनीच त्या ग्रंथात दिली आहे. आपण उपस्थित केलेल्या प्रश्नांनी वाचक विचारास प्रवृत्त होतील आणि उत्तराच्या शोधात आपला वाटा उचलतील, अशी अपेक्षाही त्यांनी प्रास्ताविकात व्यक्त केली आहे.

येवल्याची परिषदभूमी आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी १३ ऑक्टोबरला तेथे लोक श्रद्धेने येतात. पैठणीच्या मागांच्या या गावी येणाऱ्यांत आपल्या महाविद्यालयांचे विद्यार्थीही असतात. वर्गात परतल्यावर ते रोहिणीविषयी किंवा कापटिकाविषयी विचारतील, तेव्हा त्यांच्यापुढे अत्तदंडसुत्त आणि चंकीसुत्त मराठीत ठेवता येईल, एवढी तयारी आपल्या विभागांची असावयास हवी.