वाय गुणसूत्रातली तूट
* वंध्यत्व वारशाने येत नाही, हे लेखकाचे विधान वाय गुणसूत्रापुरते १९९२पर्यंत बहुतांशी खरे होते. या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील एझेडएफ भागाचा तुकडा गळाला की शुक्रजंतू घटतात किंवा संपतात. ही तूट बहुधा नव्यानेच उद्भवे आणि त्या पुरुषापाशीच थांबे. त्या वर्षी ब्रसेल्सहून इक्सीने, म्हणजे एकच शुक्रजंतू सुईने बीजांडात सोडून, झालेल्या पहिल्या जन्मांचे वृत्त आले आणि चित्र पालटले. एझेडएफच्या सी उपभागातील (एझेडएफ-सी) तुटीत वृषणातून शस्त्रक्रियेने अनेकदा शुक्रजंतू मिळतात. पण तूट प्रत्येक मुलग्याकडे जाते, मुलीकडे नाही. तो मुलगाही इक्सी करून घेईल, मग बिघडले कुठे, हा आक्षेप गैरलागू नाही. मात्र त्याने या तुटीची चाचणी अनावश्यक ठरत नाही. एझेडएफ-ए हा उपभाग पूर्ण गळाला असेल तर शस्त्रक्रियाही निष्फळच. रक्ताच्या नमुन्यावर होणारी ही चाचणी शस्त्रक्रियेआधीच व्हावी. — संपादक