आलू भाजीत धरायचा की भाकरीत? शुगर, बीपी आणि पोटाच्या घेराशी भाज्यांचं नातं

हिमायतनगर : शुगर निघाली की डॉक्टर सांगतात, भाजीपाला वाढवा. घरी आल्यावर ताटात भाजी वाढते खरी, पण ती बहुतेक वेळा आलूची, नाहीतर आलू-वांग्याची. आपल्याकडं पोळी-भाकरीला लावून खायचं ते सगळंच भाजी. शरीर मात्र असा हिशेब करत नाही.

खाल्लेल्या अन्नाचं शरीर जे करतं त्याला चयापचय म्हणतात. तो बिघडला की पाच खुणा दिसतात. पोटाचा घेर पुरुषात 90 सेंटीमीटरच्या आणि बाईत 80 च्या वर जातो, उपाशीपोटी शुगर 100 किंवा जास्त येते, बीपी 130/85 किंवा वर राहतं, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी 150 च्या पुढं जाते आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं. यातल्या तीन खुणा एकत्र आल्या की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका चांगलाच वाढतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये आलेल्या अभ्यासानुसार देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक उंबरठ्यावर आहेत.

आता भाज्यांकडं वळू. 100 ग्रॅम आलूत साधारण 15 ते 20 ग्रॅम पिष्ट असतं, रताळ्यात त्याहून जास्त. तेवढ्याच मेथीत किंवा पालकात ते दोन-तीन ग्रॅमच असतं. पिष्टाची पोटात साखर होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना रोज 400 ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते तेव्हा आलू आणि रताळी त्यात मोजत नाही. आलूची भाजी आणि दोन भाकरी म्हणजे शरीराच्या हिशेबानं तीन भाकरीच की! आलू खायचा असेल त्या दिवशी एक भाकरी कमी करावी, एवढं सोपं आहे. गाजर-बीटला मात्र उगाच बदनाम केलंय, त्यात पिष्ट आलूच्या निम्म्याहून कमी असतं.

आलू कसा शिजवला यानंही फरक पडतो. अमेरिकेत दोन लाखांवर लोकांचा बरीच वर्षं माग ठेवून 2025 मध्ये एक अभ्यास आला. त्यात आठवड्यातून तीनदा तळलेल्या आलूच्या फिंगर चिप्स खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका सुमारे 20 टक्के जास्त दिसला. उकडलेल्या आलूत तसा ठळक फरक दिसला नाही. स्टँडवरचा आलूबोंडा कोणत्या बाजूला बसतो हे सांगायला नको.

पालेभाजीची गोष्ट वेगळी. इंग्लंडच्या संशोधकांनी 2010 मध्ये सहा अभ्यास एकत्र करून पाहिले. एकूण भाजीपाला जास्त खाल्ल्यानं ठळक फरक दिसला नाही, पण पालेभाजी जास्त खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका 14 टक्के कमी होता. असे अभ्यास म्हणजे निरीक्षण, त्यावरून गोळी बंद करायची नसते. पण आपल्या भागात मेथी, चुका, शेपू, करडीची भाजी, कोवळ्या हरभऱ्याचा पाला, पावसाळ्यात तरोटा, घोळ, तांदुळजा एवढं सगळं असताना आठवड्यातून चार दिवस आलू कशाला?

अंबाडीचं एक सांगितलंच पाहिजे. इथंही घरोघर होते आणि पलीकडं तेलंगणात गोंगुरा म्हणून खातात. पाला चांगलाच, पण वरून लसणाचं कडक तेल ओतल्याशिवाय ती कोणाला गोड लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार तक्त्यात माणशी दिवसाला 27 ग्रॅम तेल धरलंय, म्हणजे पाच माणसांच्या घराला महिन्याला चार किलो. आपल्या घरचा पिपा किती दिवस पुरतो ते ज्यानं त्यानं बघावं. मीठही दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं. बीपी असेल तर लोणचं भाजीत धरू नये.

दोडका, दुधी, भेंडी, गवार, तोंडलं, कारलं, कर्टुलं, कोबी या भाज्यांत पिष्ट कमी असतं, त्या पोटभर चालतात. कारल्याचा रस घेऊन शुगर जाते, याला मात्र पक्का पुरावा नाही. गोळ्या चालू असताना रस घेतला तर शुगर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही पिऊ नये, त्यानं विषबाधा होते.

रानभाजी खुडताना शेत कोणाचं आणि फवारणी कधीची, हे विचारून घ्यावं. सोयाबीनमध्ये तणनाशक मारलं की बांधावरच्या घोळ-तांदुळज्यावरही ते उडतं.

सगळ्यांनाच पालेभाजी सारखी चालत नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी, आणि मुतखडा असेल तर पालक, चुका, अंबाडी खाण्याआधी डॉक्टरला विचारावं.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर आणि बीपीची तपासणी उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यात कंबरेचं मापही असतं. शुगर उपाशीपोटी तपासायची असेल तर सकाळचा चहासुद्धा न घेता जावं.