दाब न मोजता दाबाचा अंदाज

सिऱ्हॉसिसमध्ये यकृत कडक होतं, पोर्टल शिरेतला दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. फुटल्या तर जिवावर बेततं. हा दाब शिरेतून यकृतापर्यंत नळी नेऊन मोजायची पद्धत मायर्स आणि टेलर यांची, १९५१ ची. पुढे फायब्रोस्कॅन आलं: बरगड्यांवर हलका ठोका, लहर जितकी वेगवान तितकं यकृत कडक. पण गंमत बघा, हे यंत्र दाब मोजतच नाही! मग २०१५ च्या बावेनो सहमतीनं प्रश्नच बदलला: एंडोस्कोपी कुणाची टाळता येईल? प्रकृती स्थिर, कडकपणा २० किलोपास्कलच्या खाली, प्लेटलेट दीड लाखाच्या वर, तर तूर्त नको. मुरुडच्या पेशंटची तेवढीच एक खेप वाचते. प्लेटलेट दापोलीतही मोजता येतात; अडतं ते कडकपणापाशी. तुम्ही विषय शोधत असाल, तर इथे बघा.