घडीव लोहकाम : खपली काढणे व संरक्षक लेपन

भट्टीत तापवून ऐरणीवर हातोड्याने घडवलेल्या लोखंडी वस्तूंवरील ऑक्साइडाचा थर काढून टाकण्याच्या व उघड्या पडलेल्या धातूवर गंजरोधक लेप देण्याच्या प्रक्रिया. फाटके, खिडक्यांचे गज, कठडे, कड्या-कोयंडे, तवे, कोयते अशा सर्व वस्तूंचे आयुष्य या शेवटच्या टप्प्यावर अवलंबून असते. लेप किती महागाचा आहे यापेक्षा त्याखालचा पृष्ठभाग किती स्वच्छ आहे, यावर त्याचा टिकाऊपणा अधिक ठरतो.

खपली कशी बनते : लोखंड सामान्यतः ९००° ते १,२००° से. तापमानाला घडवतात. या तापमानाला हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन पृष्ठभागावर काळसर करडी खपली धरते. तिच्यात तीन थर असतात : धातूला लागून व्यूस्टाइट (FeO), मध्ये मॅग्नेटाइट (Fe₃O₄) आणि सर्वांत वर हेमॅटाइटाचा (Fe₂O₃) पातळ पापुद्रा. खपली ठिसूळ असते आणि निवताना ती धातूइतकी आकसत नाही. त्यामुळे तिला तडे जातात. तड्यांतून ओलावा शिरला की खपली व लोखंड यांच्यामध्ये विद्युत् घट तयार होतो. त्यात खपली ऋणाग्राचे काम करते आणि उघडे लोखंड झिजते. गंज खपलीखाली पसरतो व खपली सुटते तेव्हा तिच्यावरचा रंगही सोबत निघतो.

तप्त अवस्थेत काढणे : सर्वांत सोपी खपली ती, जी घडवतानाच काढली जाते. भट्टीतून बाहेर काढलेल्या कामावर लगेच तारेचा ब्रश फिरवल्यास बरीच खपली झडते. ती तशीच राहिली, तर पुढच्या घावाने धातूत रुतते व पृष्ठभागावर खड्डे पडतात. जपानी तलवारकार ऐरण व हातोडा ओला करून तप्त लोखंडावर घाव घालतात. पाण्याची एकाएकी वाफ होते आणि खपली उडून जाते. भात्याचा वारा बेताचा ठेवून विस्तवाचा थर जाड राखला, तर खपली मुळातच कमी धरते.

यांत्रिक पद्धती : गार कामावर तारेचा ब्रश, खरवडणी, कानस व पॉलिश पेपर वापरतात. मोठ्या व नक्षीदार कामासाठी दाबाखालील हवेने कणांचा मारा करतात. बाहेर उभारायच्या कामाला आय.एस.ओ. ८५०१-१ या मानकातील ‘एसए २½’ प्रतीची स्वच्छता सामान्यतः अपेक्षित असते. माऱ्याने पृष्ठभाग खरखरीत होतो व रंगाला पकड मिळते. मात्र तो बेताचा हवा, कारण घडीव कामाचे सौंदर्य हातोड्याच्या खुणांत आणि कोरीव कडांत असते व जोरदार माऱ्याने त्या बोथट होतात.

अम्लमार्जन : अम्ल तड्यांतून आत शिरते, खपलीच्या तळाचा थर व थोडे लोखंड विरघळवते आणि निर्माण होणारा हायड्रोजन वायू खपलीला वर ढकलतो. लहान वस्तूंना साधे, सुमारे ५% ॲसिटिक अम्लाचे व्हिनेगर रात्रभर पुरते. सायट्रिक व फॉस्फोरिक अम्लेही वापरतात. कारखान्यांत हायड्रोक्लोरिक किंवा ऊन सल्फ्यूरिक अम्ल असते. कठीण केलेल्या, पाणी दिलेल्या पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते, म्हणून पाती व स्प्रिंगा तीव्र अम्लात बुडवत नाहीत. रिव्हेटचे सांधे, पट्टीने आवळलेले जोड व एकमेकांवर बसवलेले भाग यांत अम्ल अडकून राहते आणि काही महिन्यांनी तिथूनच गंज फुटतो. असे काम जोडण्याआधी सुटे सुटे साफ करावे, नाहीतर कणमाऱ्याचा मार्ग धरावा. अम्लातून काढलेली वस्तू सोड्याच्या पाण्याने व नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन, ऊब देऊन त्वरित वाळवावी लागते. उघडे लोखंड काही मिनिटांतही तांबूस होऊ लागते.

तेल व मेण : घरातल्या वस्तूंसाठी ही पारंपरिक पद्धत. घट्ट बसलेला पातळ काळा थर येथे राहू देतात, फक्त सैल खपली काढतात. काम सुमारे २००° से.पर्यंत तापवून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवतात. हे तेल ऑक्सिजन शोषून घट्ट पापुद्रा बनते. जाड लावल्यास मात्र चिकट राहते. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२°–६४° से.ला वितळते. ते जवस तेल व टर्पेंटाइन यांत मिसळून कोमट कामावर चोळतात. धार दिलेल्या हत्याराला यासाठी जास्त तापवू नये, पाणी उतरते. तव्या-कढईला खाद्यतेलाचे पातळ हात देऊन ते तापवून पक्के करतात.

रंग व जस्त : पावसात राहणाऱ्या कामाला मेण पुरत नाही. तिथे जस्तयुक्त प्राइमर, त्यावर मधला व वरचा थर अशी रचना करतात. पूर्वी शेंदराचा, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडाचा प्राइमर प्रचलित होता, पण विषारीपणामुळे तो मागे पडला. रंग देताना धातूचे तापमान दवबिंदूहून किमान ३° से. अधिक असावे. त्यामुळे कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत हे काम पावसाळ्याआधी कोरड्या दिवसांत उरकणे हिताचे. क्षार साचले असतील तर आधी गोड्या पाण्याने धुतात. जस्तलेपनात वस्तू सुमारे ४५०° से.च्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते व लोखंड वाचते. पोकळ भागांना हवेसाठी छिद्रे ठेवावी लागतात, नाहीतर ते फुटू शकतात.

जुने लोहकाम : जुन्या घडीव लोखंडावरील घट्ट, अखंड ऑक्साइड थर संरक्षण देत असेल, तर तो काढू नये. टॅनिक अम्ल गंजाचे काळ्या लोह टॅनेटात रूपांतर करते आणि संग्रहालयीन जतनात वापरले जाते. हिरड्यात टॅनिन भरपूर असते, म्हणून हिरडा व लोखंड यांच्यापासून काळी शाई होते. दिल्लीच्या मेहरौली येथील गुप्तकालीन लोहस्तंभ (सुमारे ७.२ मी., ६ टनांहून जास्त) लोखंडाचे गोळे ठोकून जोडत घडवला आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले, की त्यातील सुमारे ०.२५% फॉस्फरसामुळे पृष्ठभागावर लोह फॉस्फेटाचा संरक्षक थर बनला. आधुनिक पोलादात फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवतात. म्हणून त्या स्तंभाच्या दाखल्यावर विसंबून आजचे काम उघडे ठेवता येत नाही.

सुरक्षितता व देखभाल : अम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी अम्लात नव्हे. हातमोजे, चष्मा व मोकळी हवा आवश्यक. जवस तेलाची फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. जस्त लावलेले लोखंड भट्टीत घालू नये, त्याच्या धुराने ताप येतो. मेणाचा हात अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो. रंगकाम दरवर्षी तपासून सांधे, वळणे व पाणी साचणाऱ्या जागा लगेच दुरुस्त कराव्यात. संपूर्ण काम नव्याने करण्यापेक्षा ही नियमित डागडुजी स्वस्त पडते आणि कारागिराचे मूळ काम शाबूत राहते.