रानातील एकेरी वाट : माउंटन बाइक आणि वेल्समधील 'कॉइड अ ब्रेनिन'

सायकलच्या हँडलला जेमतेम पुरेल एवढीच रुंदी, दोन्ही बाजूंना झाडांची खोडे, चाकाखाली मुळे आणि दगड, आणि समोरून कोणी आलेच तर एकाने थांबून दुसऱ्याला जाऊ द्यायचे, अशा वाटेला माउंटन बाइकच्या परिभाषेत 'सिंगलट्रॅक' म्हणतात. मराठीत तिला सरळ पायवाट म्हणायला हरकत नाही. जंगलात वणवा विझविण्यासाठी किंवा तोडलेले लाकूड वाहून नेण्यासाठी जो रुंद कच्चा रस्ता केलेला असतो, त्यापासून मात्र ती वेगळी ओळखली पाहिजे. रुंद रस्त्यावर सायकलस्वार वेगाच्या आनंदासाठी जातो. एकेरी वाटेवर वेग दुय्यम ठरतो आणि वळण, तोल व नजर यांनाच महत्त्व येते.

या खेळाचा उगम सांगताना अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन परगण्याचे नाव घेतले जाते. तेथे फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी 'रिपॅक' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली शर्यत प्रथम झाली. जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन तरुण मंडळी हा उतार उतरत. मागच्या चाकाच्या तुंब्यातील ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर ते नव्याने भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून शर्यतीला नाव पडले. जो ब्रीझ याने १९७७ साली खास या कामासाठी सायकलचा सांगाडा तयार केला, १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजंपर' कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीला स्थान मिळाले. वीस वर्षांत एवढी मजल क्वचितच एखाद्या खेळाने मारली असेल.

गंमत अशी की रिपॅकचा उतार ही एकेरी वाट नव्हतीच, तो वणव्यासाठीचा रुंद रस्ता होता. सायकली अरुंद पायवाटांकडे वळल्या तेव्हा पायी फिरणाऱ्यांशी आणि घोडेस्वारांशी खटके उडू लागले. वळणावर अचानक सायकल अंगावर आली तर वृद्ध पादचाऱ्याची काय अवस्था होते, हे सांगायला नकोच. घोडा बिथरला तर प्रसंग त्याहून गंभीर. परिणामी, ज्या परगण्यात हा खेळ जन्मला तेथीलच अनेक पायवाटा सायकलींना बंद झाल्या आणि रुंद रस्त्यांवरही ताशी १५ मैलांची मर्यादा आली. याच वादातून १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील सायकल क्लबांनी एकत्र येऊन 'इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन' ही संघटना स्थापन केली. मागणी करायची तर आधी आपल्या माणसांना शिस्त लावली पाहिजे आणि वाटांच्या दुरुस्तीला स्वतः हात लावला पाहिजे, ही तिची भूमिका होती.

ब्रिटनमध्ये प्रश्न कायद्याच्या अंगाने आला. इंग्लंड व वेल्समध्ये पादचाऱ्यांसाठीच्या सार्वजनिक वाटेवर सायकल चालविण्याचा हक्क नाही. घोडेस्वारांच्या वाटांवर तो १९६८ च्या 'कंट्रीसाइड अ‍ॅक्ट'ने मिळाला, मात्र पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट देण्याच्या अटीवर. (स्कॉटलंडचा २००३ चा जमीन सुधारणा कायदा याहून बराच उदार आहे.) तेव्हा वेल्समधल्या सायकलस्वाराने रानातली अरुंद वाट शोधायची कोठे? या प्रश्नाला सरकारी जंगलातच एक उत्तर सापडले.

वायव्य वेल्समध्ये डॉल्गेथ्लाय या जुन्या बाजारगावाच्या उत्तरेला, एरिरी म्हणजेच स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत 'कॉइड अ ब्रेनिन' हे जंगल पसरले आहे. माउदाख नदी आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत ते वसले आहे. वेल्श भाषेत या नावाचा अर्थ 'राजाचे वन'. मूळची ही नानाउ येथील व्हॉन घराण्याची जमीन होती. ब्रिटनच्या वन आयोगाने १९२२ पासून ती ताब्यात घेऊन तेथे सूचिपर्णी वृक्षांची लागवड केली आणि पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ मध्ये जंगलाला आजचे नाव दिले. हे अरण्य आदिम नव्हे, लाकडासाठी लावलेले आहे. डग्लस फर, स्प्रूस, लार्च अशी सरळसोट झाडे, मधूनमधून ओक. पूर्वी येथे तांब्याचे आणि सोन्याचे खाणकाम चाले. एका दलदलीत तर तांबे इतके मुरले होते की तेथील पीट माती जाळून राखेतून ते काढीत असत.

१९९० च्या दशकाच्या मध्यास वन आयोगाचा कर्मचारी दाविद डेव्हिस याने स्वयंसेवकांच्या मदतीने येथे केवळ सायकलींसाठी पायवाटा बांधायला घेतल्या. आधीच्या पायवाटेवर सायकलला मुभा देणे वेगळे आणि सायकलचे चाक डोळ्यांपुढे ठेवून नवी वाट आखणे वेगळे. ब्रिटनमधले अशा प्रकारचे पहिले केंद्र म्हणून कॉइड अ ब्रेनिनचा उल्लेख होतो. एका वाटेला रेड बुल या पेयाच्या कंपनीचे पाठबळ होते व तिचेच नाव होते. पुढे ती वाट 'टारू' झाली. वेल्शमध्ये टारू म्हणजे बैल. नाव बदलले, पण बैल काही हलला नाही! येथील अनुभवावर वेल्समध्ये अवान, ग्विडिर अशा जंगलांत आणि दक्षिण स्कॉटलंडमध्ये 'सेव्हन स्टेन्स' या नावाने सात ठिकाणी अशीच केंद्रे उभी राहिली.

अशी वाट टिकते कशी, हा या विषयाचा खरा गाभा आहे. चाकामुळे वाटेची नासाडी होते, असा सर्वसाधारण समज आहे. विल्सन आणि सीनी या संशोधकांनी मोंटाना राज्यात केलेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओल्या वाटेवर सर्वाधिक माती घोड्यांच्या टापांनी मोकळी केलेली आढळली, चाकांचा वाटा त्यामानाने कमी होता. याचा अर्थ सायकल निरुपद्रवी आहे असा मात्र नाही. ब्रेक करकचून दाबून चाक घसरवले की मातीत खोल चरा पडतो आणि पहिल्याच पावसात त्याचा ओहोळ होतो. वाटेचा मुख्य शत्रू पाणीच. सह्याद्रीत हिंडणाऱ्या कोणालाही हे पटेल. गडावर सरळ चढणारी पायवाट दोन-चार पावसाळ्यांत गुडघाभर खोल घळ होते, मग लोक तिच्या शेजारून चालू लागतात आणि एका वाटेच्या चार वाटा होतात.

म्हणून बांधणारे लोक उताराच्या दिशेने सरळ वाट कधीच नेत नाहीत. ती डोंगराला आडवी, समोच्च रेषेच्या जवळून, हळूहळू चढत जाते. वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, असा एक ठोकताळा आहे. डोंगराचा उतार २० टक्के असेल तर वाटेचा चढ १० टक्क्यांच्या आत ठेवायचा. त्याहून तीव्र झाल्यास पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेनेच धावू लागते. डोंगराच्या अंगात पायरीसारखी सपाटी कापून काढतात आणि तिचा बाहेरचा काठ किंचित, साधारण पाच टक्के, खाली ठेवतात. शिवाय ठरावीक अंतरावर वाट थोडी खाली उतरवून पुन्हा वर उचलतात, म्हणजे त्या खोलगट जागी साचू पाहणारे पाणी बाहेर फेकले जाते. सायकलस्वाराला हीच चढउतार लाटेवरून गेल्यासारखी सुखावते. वाटेवरची मौज आणि पाण्याचा निचरा या दोन्ही गोष्टी एकाच आकारातून साधतात, हे या बांधकामाचे मोठे सौंदर्य आहे.

कॉइड अ ब्रेनिनमध्ये यापुढे जाऊन दगड वापरला आहे. या भागात पाऊस मुबलक आणि जंगलातली वरची माती मऊ, त्यामुळे नुसती मातीची वाट एका हिवाळ्यात चिखल झाली असती. स्थानिक दगड उभे, एकमेकांत घट्ट बसवून सोलिंग केल्याप्रमाणे पृष्ठभाग तयार केला आहे. येथली वाट खडबडीत, हादरे देणारी म्हणून प्रसिद्ध आहे, ती यामुळेच. काहींना ती फार रुक्ष वाटते. परंतु बाराही महिने वापरता येणारी वाट हवी असेल तर मऊ मातीचा हट्ट सोडावा लागतो.

ब्रिटनमधील वाटांना रंगांची प्रतवारी आहे : हिरवा सोपा, निळा मध्यम, लाल कठीण आणि काळा अतिकठीण. ही प्रतवारी केवळ अंतरावरून ठरत नाही. चढ, अडथळे आणि वाटेची रुंदी असे सारे त्यात धरले जाते. येथील 'मायनरटॉर' ही निळी वाट नवशिक्यांसाठी आहे व अपंगांसाठीच्या तीनचाकी सायकलींनाही ती चालते. दुसऱ्या टोकाला 'बीस्ट ऑफ ब्रेनिन' ही सुमारे ३८ किलोमीटरची काळी वाट. रस्त्यावर शंभर किलोमीटर लीलया जाणारा सायकलस्वारही लाल वाटेवर पहिल्या तासात दमतो, कारण तेथे पायांइतकेच हात, खांदे आणि डोळे राबतात. पहिल्या खेपेस निळ्या वाटेपासून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नये.

चालविण्याचे तंत्र थोडक्यात असे. नजर पुढच्या चाकावर न ठेवता काही मीटर पुढे, वळण जेथे संपते तेथे ठेवावी. सायकल नजरेमागे जाते; झाडाकडे पाहत राहिलात तर झाडावरच जाल. उतारावर दोन्ही पॅडल समपातळीत ठेवून सीटवरून उठावे, कोपर आणि गुडघे सैल सोडावेत. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे. ब्रेकवर एकेकच बोट पुरते. ओल्या मुळांवर ब्रेक दाबू नये आणि ती शक्य तितकी काटकोनात ओलांडावीत, तिरपे गेल्यास चाक हमखास निसटते. चिखलाचे डबके दिसले तर बाजूने वळसा घालू नये, मधूनच जावे. कपडे माखतील, पण वाट रुंदावणार नाही.

सायकलीही आता फार बदलल्या आहेत. २६ इंची चाकांची जागा बहुतांशी २९ इंचींनी घेतली आहे. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये हवा कमी ठेवता येत असल्याने पकड वाढते. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि हँडलवरच्या खटक्याने खाली-वर होणारी सीट यांनी उतार पुष्कळ सुरक्षित केले. पेडल मारताना विजेच्या मोटरचे साहाय्य देणाऱ्या सायकलींना ब्रिटनमध्ये २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत साहाय्य या मर्यादेत साधी सायकलच मानतात. त्यांनी वयस्कर मंडळींना डोंगर पुन्हा खुला केला. त्याचबरोबर वाटेवरची वर्दळही वाढवली. हेल्मेट आणि हातमोजे यांना पर्याय नाही. खोऱ्यांत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून एकट्याने जाताना कोणती वाट घेतली आहे हे कोणाला तरी सांगून ठेवावे.

हे जंगल अजूनही लाकडाचे आहे, हेही लक्षात असू द्यावे. तोडणीच्या काळात वाटेचे तुकडे बंद होतात आणि पर्यायी मार्ग दाखविणारे फलक लागतात. लार्च वृक्षांना ग्रासणारा 'फायटॉफ्थोरा' हा रोग २०१० मध्ये वेल्समध्ये आढळल्यापासून ठिकठिकाणी मोठ्या प्रमाणावर झाडे पाडावी लागली. गर्द सावलीतली वाट काही महिन्यांत उघड्या माळावर आल्याचा अनुभव तेथील सायकलस्वारांना नवा नाही. सावली गेली की जमीन वाळते, पण पावसाचा थेट माराही वाटेवर पडतो आणि डागडुजीचे काम वाढते.

आणि ते काम कोणी करायचे, हाच आता कळीचा मुद्दा झाला आहे. वन आयोगाचे वेल्समधील काम १ एप्रिल २०१३ पासून 'नॅचरल रिसोर्सेस वेल्स' या सरकारी संस्थेकडे आले. पैशाच्या चणचणीमुळे या संस्थेने कॉइड अ ब्रेनिनसह तीन पर्यटक केंद्रांतील उपाहारगृहे आणि दुकाने चालविणे ३१ मार्च २०२५ रोजी थांबविले. पायवाटा आणि वाहनतळ खुले ठेवण्यात आले. वरवर पाहता सायकलस्वाराचे नुकसान एका चहाच्या कपापुरते. प्रत्यक्षात लोक जमण्याची, एकमेकांना वाटेची खबर देण्याची, स्वयंसेवकांनी फावडी घेऊन निघण्याची जागा तीच होती. केंद्राचा कारभार स्थानिकांच्या हाती द्यावा, यासाठी त्या भागातील रहिवाशांनी प्रयत्न सुरू केले. पाऊस या चर्चेसाठी थांबत नाही. दगडी सोलिंगमधला एक दगड निखळला की शेजारचे सुटू लागतात, पानांनी तुंबलेला चर साफ केला नाही की पाणी वाटेवर येते, आणि तीस वर्षांपूर्वी घमेल्याने दगड वाहून बांधलेल्या वाटेला हा हिशेब प्रत्येक हिवाळ्यात चुकता करावा लागतो.