काळजी घेणाऱ्याची गरज : इंग्लंडमधील एका हक्काचा इतिहास

प्रस्तावना

घरातील वृद्ध, आजारी किंवा अपंग व्यक्तीची विनावेतन देखभाल करणाऱ्याला ब्रिटनमध्ये ‘केअरर’ म्हणतात. आपण काळजीवाहक हा शब्द वापरू. इंग्लंडमधील काळजीवाहक आज स्थानिक कौन्सिलकडे स्वतःच्या गरजांचे मूल्यांकन मागू शकतो. रुग्णाला काय हवे, हा प्रश्न कायद्याने आधी विचारला. त्याच्या उशाशी बसलेल्याला काय हवे, हे विचारायला मात्र १९९५ साल उजाडावे लागले. हा उशीर का झाला, ते पाहू.

१. गृहीत धरलेले श्रम

१९४२ च्या बेव्हरिज अहवालाने विवाहित स्त्रीला मुख्यतः पतीच्या विम्यावर अवलंबून मानले. १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स कायद्याने जुना ‘पुअर लॉ’ संपवला आणि वृद्ध व अपंगांसाठीच्या सेवांची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. पण घरात शुश्रूषा करायला मुलगी, सून किंवा पत्नी असणारच, हे गृहीतक कायम राहिले.

२. चळवळीचा आरंभ

मेरी वेब्स्टर या धर्मोपदेशिका होत्या. आईवडिलांच्या देखभालीसाठी त्यांनी १९५४ मध्ये काम सोडले. १९६३ मध्ये त्यांनी अशा अविवाहित स्त्रियांच्या स्थितीविषयी वृत्तपत्रांना पत्रे लिहिली. त्यांना मोठा प्रतिसाद मिळाला आणि १९६५ मध्ये अविवाहित स्त्रिया व त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. आजची ‘केअरर्स यूके’ ही संस्था याच परंपरेतली आहे.

१९७६ पासून ‘इनव्हॅलिड केअर अलाउन्स’ हा भत्ता सुरू झाला. विवाहित स्त्रियांना तो नाकारण्यात आला, कारण त्या तशाही घरीच असतात, असे मानले गेले. जॅकलिन ड्रेक यांनी आईच्या देखभालीसाठी नोकरी सोडली होती. त्यांचे प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि जून १९८६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. निकाल येणार हे दिसताच सरकारने आदल्या दिवशीच भत्ता विवाहित स्त्रियांना लागू करण्याची घोषणा केली.

३. भत्त्याकडून मूल्यांकनाकडे

भत्त्याने थोडा पैसा मिळाला. विश्रांती, झोप किंवा स्वतःचे आयुष्य मिळाले नाही. पुढचे टप्पे असे :

• १९९५ : खासदार माल्कम विक्स यांच्या खासगी विधेयकातून काळजीवाहकाला मूल्यांकनाचा हक्क मिळाला. मात्र रुग्णाचे मूल्यांकन होत असेल तरच, आणि देखभाल नियमित व भरीव असेल तरच. सेवा देण्याचे बंधन नव्हते.
• २००० : रुग्णाने स्वतःचे मूल्यांकन नाकारले तरी काळजीवाहकाला ते मागता येऊ लागले.
• २००४ : नोकरी, शिक्षण व फुरसत यांचा विचार करणे आणि हक्काची माहिती देणे कौन्सिलवर बंधनकारक झाले.
• २०१४ : ‘केअर अ‍ॅक्ट’ने (अंमल एप्रिल २०१५) ‘भरीव’ ही अट काढली. आधाराची गरज दिसताच मूल्यांकन करणे हे कर्तव्य ठरले आणि पात्र गरजा भागवण्याची जबाबदारीही प्रथमच आली.

४. मूल्यांकनात काय पाहतात?

देखभाल आवश्यक आहे का, तिच्यामुळे काळजीवाहकाची तब्येत किंवा दैनंदिन जीवन बिघडते का आणि त्याच्या कल्याणावर लक्षणीय परिणाम होतो का, हे तीन मुद्दे निर्णायक असतात. ही व्यक्ती देखभाल करण्यास समर्थ आणि राजी आहे का, हेही विचारावे लागते. ‘राजी’ हा शब्द ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. नात्याने आपोआप येणारे कर्तव्य येथे कायद्याने प्रथमच प्रश्नार्थक केले.

समारोप

हक्क कागदावर आला म्हणजे मदत घरी पोचली, असे होत नाही. अनेकजण स्वतःला काळजीवाहक म्हणतच नाहीत. ‘आईचं करतो, त्यात काय!’ असेच त्यांना वाटते. त्यामुळे ते अर्जच करत नाहीत. कौन्सिलची तिजोरीही मर्यादित असते. तरीही साठ वर्षांत एक बदल पक्का झाला : घरातली देखभाल ही खासगी बाब न राहता सार्वजनिक धोरणाचा विषय बनली.

भारतात २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुलांवर पालनपोषणाचे कर्तव्य टाकतो. ते कर्तव्य निभावणाऱ्याची गरज कोण मोजणार, या प्रश्नावर आपल्या परिसरातील उदाहरण घेऊन चर्चा करा.